डावी कड

रेवदंडा
१० नोव्हेंबर २०२४

निकेत,

दिवाळी अंकातला तुझा फोटो पाहिला. धुक्यातली नदी, उजवीकडं होडी, वल्हं मारणारा म्हातारा आणि त्याच्यापुढं मोकळं पाणी. होडीला जायला जागा सोडलीस ते फार आवडलं. पण डाव्या कडेला एक माणूस उभा आहे आणि तो अर्धाच आहे. एक खांदा, एक कान, एक निळी बादली. तो तुला तिथं हवा होता का?

तुला राग येईल. सहा वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि पहिल्याच परिच्छेदात चूक काढलेली असते. दुसरी काही सुरुवात करता येते का ते पाहिलं, जमली नाही. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस म्हणून पोस्टानं लिहिते आहे. तुझ्या बायकोनं, शिवानीनं, आईला दिवाळीचं पाकीट पाठवलं होतं, पत्ता त्यावरून घेतला. बोमडिला कुठं आहे ते राहीनं नकाशात दाखवलं. तुझी भाची आता आठवीत आहे. तिचं बोट सरकत सरकत पार वरच्या उजव्या कोपऱ्यात गेलं, तेव्हा कुठं तू सापडलास.

स्टुडिओ चालू आहे. पासपोर्टचे फोटो कमी झाले, प्री-वेडिंग वाढलं. शनिवारी काशीदला एका रिसॉर्टवर मुंबईच्या पाहुण्यांचा वर्ग घेते. प्रत्येकाच्या हातात माझ्या कॅमेऱ्यापेक्षा भारी फोन असतो, पण सूर्य सगळ्यांचा बरोबर मधोमध. मग तुला शिकवलं तेच त्यांना शिकवते. चौकटीचे नऊ भाग करा, माणूस मधल्या घरात कोंबू नका. क्षितिज कुणाच्या मानेतून नेऊ नका, गळा कापल्यासारखा दिसतो. सुरूच्या झाडांची ओळ नजरेला ओढून नेते, तर तिच्या टोकाला काहीतरी ठेवा, नाहीतर नजर तिथवर जाऊन रिकामी परत येते. पुढं एखादं जाळं, एखादी पालथी होडी येऊ द्या, म्हणजे समुद्र किती लांब आहे ते कळतं.

आणि शेवटी कडा. बटण दाबायच्या आधी चारी कडांवरून नजरेनं एक फेरी मारायची, राखणदार शेताला मारतो तशी. तू स्टुडिओतल्या स्टुलावर उभा राहून, जीभ बाहेर काढून ही फेरी मारायचास. आणि माझ्याआधी तुला बाहेर आलेली वायर दिसायची.

परवा चौलच्या साखरपुड्यात ग्रुप फोटोत नवरीचे मामा डाव्या कडेला कापले गेले. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. मामा म्हणाले, "मॅडम, आमचं पोट मोठं हाय म्हून अर्धंच घेतलं काय?" सगळे हसले. मीही हसले.

म्हणून विचारते. तू अजून उजव्या डोळ्यानंच कॅमेऱ्यातून बघतोस का? तेव्हा डावा मिटतोस का? एवढंच कळव. एका ओळीत कळव. चूक काढायला विचारत नाही.

आई बरी आहे.

ताई


रेवदंडा
२९ नोव्हेंबर २०२४

निकेत,

उत्तर आलं नाही. तिकडं पोस्टमन डोंगर चढून येत असेल, उशीर लागत असेल, असं स्वतःला सांगते आहे.

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं नव्हतं. भीती वाटत होती. अजून वाटते. पण आता सांगणं भाग आहे.

ते पत्र लिहायच्या थोडं आधी आगरदांड्याच्या जेट्टीवर माझं शूट होतं. दिघीहून फेरीबोट लागत होती, नवरा-नवरी पुढं उभी, मागं खाडी. बोटीची तिरकी फळी कोपऱ्यातून आत यावी म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावूनच डावीकडं सरकत होते. एक पाऊल टाकलं आणि पायाखाली काही नव्हतं. नवरामुलगा, दीपेश त्याचं नाव, धावत आला आणि कॅमेऱ्याचा पट्टा धरून त्यानं मला मागं ओढलं. ओहोटी होती. खाली नुसते खडक.

"मॅडम, जेट्टी संपली, दिसलं नाही का?"

नाही दिसलं. निकेत, मला जेट्टी पुढं जाताना दिसत होती. कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात काँक्रीट होतं, सलग, राखाडी. मी त्यावरच पाय टाकला होता. घरी येऊन फोटो उघडले तर त्याच कोपऱ्यात जेट्टी संपलेली होती, खाली पाणी होतं आणि कडेला पिवळा गंजका खांब होता. कॅमेऱ्यानं तो घेतला होता. मी त्याच्याकडे रोखून बघत होते आणि तो मला दिसला नव्हता.

आधी लेन्सवर संशय घेतला. मग दुसरा कॅमेरा घेतला. मग एका दुपारी, स्टुडिओत कुणी नसताना, डावा डोळा तळहातानं झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मधल्या तारखेकडं बघत राहिले. तारखा होत्या. डावीकडं वारांची नावं नव्हती. तिथं काळं काही दिसलं नाही. काळं दिसलं असतं तर मी आधीच घाबरले असते. तिथं कागद होता, पांढरा, कोरा. रविवार नाही, सोमवार नाही, काही नाही. हात काढला की सगळे वार परत जागेवर.

खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. एक बाई पासपोर्ट फोटोला आली, तिला लाइट गेलीय म्हणून सांगितलं. पंखा डोक्यावर फिरत होता.

परवा अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा दाब बघितला, मागची नस बघितली आणि एका मशीनपुढं बसवलं. आत पांढरा घुमट असतो, त्यात बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी जन्मभर बटणच दाबत आले, मला सोपं वाटलं. डावा डोळा झाकला होता. थोडे दिवे दिसले, मग काहीच येईना. मी बाजूच्या मुलीला म्हटलं, "मशीन बंद पडलं वाटतं."

ती म्हणाली, "चालू आहे, मॅडम. दिवे लागतायत."

काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची डावीकडची नजर बरीचशी गेली आहे. दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा ती भरून काढतो, म्हणून कळत नाही. एका डोळ्यानं कॅमेऱ्यात बघणाऱ्यालाच कळायचं, तेही कळलं तर. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब टाकून राखायचं. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता?" मी म्हटलं, वडील आंधळे होऊन गेले, पण ते मिठागराच्या चकाकीनं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं चकाकीनं?"

कुणी सांगितलं? सगळ्यांनीच. आपण लहानपणापासून तेच ऐकलं. उन्हात पांढऱ्या मिठावर फळी ओढून ओढून बुधाजीचे डोळे गेले. बाबा बांधावरून चालता चालता एका बाजूला घसरायचे, ताटाशेजारचा तांब्या लवंडायचे, आणि लोक म्हणायचे, मीठ लागलं. कुणी डॉक्टरकडं नेलं नाही. मिठाला काय औषध करणार!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा रक्तातून येतो. भावंडं किती?" मी म्हटलं, एक भाऊ. "त्याला आजच कळवा. उद्या नको."

त्या संध्याकाळी मी तुझे मिळतील तेवढे फोटो उघडून बसले. जुने ठीक आहेत. नंतरच्यांत डाव्या कडेला कापलेली फांदी, अर्धा कुत्रा, कुणाचा तरी पाय. उजवी कड दर वेळी स्वच्छ. चौकट मांडायला तुला मीच शिकवलं, तुझी नजर मला ठाऊक आहे. तू असली कड सोडणारा नाहीस.

चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नकोस. दाब, मागची नस आणि ते दिव्यांचं मशीन, तिन्ही करून घे. राहीला पुढच्या आठवड्यात नेते आहे. तिच्या बाबाला, अल्पेशला, सांगितलं आहे. त्यानं रिक्षा दारात लावली आणि तो दिवसभर माझ्यामागं घरात फिरत राहिला, जसं काही मी आत्ताच पडणार आहे. आईला अजून सांगायचा धीर झालेला नाही.

जा, निकेत.

ताई


रेवदंडा
१८ डिसेंबर २०२४

निकेत,

तुझं कार्ड मिळालं. "ताई, उजव्याच डोळ्यानं बघतो. डावा मिटतो. माझ्या फोटोंच्या कडा मला ठाऊक आहेत. बाबांच्या फोटोच्या वेळी तू हेच केलंस, आता पुन्हा नको."

तारखेवरून वाटतं की हे माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर आहे. दुसरं तोवर पोचलं नसेल. की पोचलं आणि तू उघडलंच नाहीस? उघडलं नसशील तर आधी ते उघड. हे नंतर वाच.

बाबांच्या फोटोचा विषय तू काढलास, तर बोलते. आजवर टाळत आले.

मागची पडवी. बाबा भिंतीवर हात ठेवून उभे, चेहरा वर, पांढरे डोळे उजेडाकडं. त्यांचा दुसरा हात डावीकडं लांब गेलेला, आणि फोटोच्या अगदी कडेला तो हात धरणारं एक मनगट. हिरव्या बांगड्या. मनगटाच्या पुढची बाई फोटोत नाही. ती बाई मी. त्या वर्षात बाबांना अंघोळ घालणारी, भरवणारी, संडासला नेणारी मी. तू मुंबईहून दोन दिवसांसाठी आलास, एक फोटो काढलास, त्याला बक्षीस मिळालं. प्रदर्शनात तो भिंतभर मोठा लावला होता आणि त्यात माझं नुसतं मनगट.

मी तिथं सगळ्यांसमोर विचारलं, "मला का कापलंस?"

तू म्हणालास, "तू फ्रेममध्ये नव्हतीसच, ताई."

इतकं सरळ तोंडावर खोटं बोललास असं वाटलं मला. मग मी बोलले ते बोलले, तूही बोललास. सहा वर्षं ते वाक्य माझ्या कानात आहे. भाजी चिरताना, लग्नात दिवे लावताना, कधीही वर यायचं आणि मी आतल्या आत तुझ्याशी भांडायची.

तुझं कार्ड वाचल्यावर ते पुन्हा ऐकू आलं. तू खोटं बोलत नव्हतास. मी बाबांच्या डाव्या बाजूला नाही, तुझ्या डाव्या बाजूला होते. तू उजवा डोळा लावून बघत होतास आणि तिथं तुला मी नव्हते, पडवीची भिंत होती. सलग, कोरी भिंत. मला जेट्टी दिसली तशी.

तू मला मुद्दाम कापलं असतंस तर बरं झालं असतं, निकेत. खरं सांगते. भावानं कापलं तर माणूस रडतं, सावरतं. पण तेव्हा तू एकोणतीस वर्षांचा होतास. तेव्हापासून हे चालू असेल तर आज काय उरलं असेल, याचा विचार मी करायला घेते आणि अर्ध्यावर सोडते.

तू जीप चालवतोस. शिवानीनं आईला पाठवलेल्या फोटोत बघितलं, दगडाचा रस्ता, डावीकडं दरी, कठडा नाही. फोटो कुणी काढला ते माहीत नाही, पण मी तो पालथा घालून ठेवला.

सोबत एक कागद आहे. मधे फुली, डावीकडं काळे ठिपके. कागद हातभर लांब धर, डावा डोळा झाक, फुलीकडं बघ आणि ठिपके मोज. मी तुझी परीक्षा घेत नाही. तुला सगळे दिसले तर मला शिव्या दे, हव्या तेवढ्या. तरीही डॉक्टरकडं मात्र जाच.

राहीचं बघून घेतलं. आज तरी काही नाही, दरवर्षी दाखवायचं. मशीनपुढं ती बसली तेव्हा मी बाहेर बाकावर होते. आतून बटणाचा टिकटिक आवाज येत होता. मधेच तो थांबला की मी उठून दाराशी जायची.

ताई


रेवदंडा
२ जानेवारी २०२५

प्रिय शिवानी,

आपण अजून भेटलेलो नाही. लग्नाला मला बोलावलं नाही याचा तुझ्यावर राग नाही. हे पत्र तुलाच लिहिते आहे, कारण निकेत माझी पत्रं उघडतो की नाही, मला कळायला मार्ग नाही. तुझ्या नावाचं पाकीट तू उघडशील.

आमच्या बाबांचे डोळे काचबिंदूनं गेले. मलाही तोच आहे. निकेतलाही असावा अशी मला दाट भीती आहे. त्याचे फोटो बघून मी हे म्हणते, आणि नेमकं तेच त्याला सहन होत नाही. त्याला वाटतं ताई पुन्हा चुका काढते. त्यात त्याचंही चुकत नाही. लहानपणी मी त्याच्या हातातला कॅमेरा काढून घेऊन म्हणायची, "हे बघ, हे कुठून आलं फोटोत?" तो रडायचा.

तू मला एवढं सांग. तो दाराच्या चौकटीला खांदा आपटतो का? डावीकडून तू आलीस तर दचकतो का? चहाचा कप लवंडतो का? गाडी चालवताना एखादा माणूस अचानक उगवला असं म्हणतो का? बाबा हे सगळं करायचे. त्यांना आम्ही धांदरट म्हणायचो.

माझ्या आधीच्या पाकिटात ठिपक्यांचा एक कागद आहे. तो त्याच्यासमोर ठेव. माझं नाव घेऊ नकोस. तू काढलेला खेळ आहे म्हण, काहीही म्हण. आणि तोवर त्याला त्या रस्त्यावर गाडी घेऊन जाऊ देऊ नकोस. भांडण झालं तर होऊ दे. माझ्याशी झालं तर तो सहा वर्षं बोलला नाही, पण तुझ्या घरात राहतो, तुझ्याशी किती दिवस बोलणार नाही?

माझा नंबर खाली लिहिते आहे. केव्हाही कर.

मृणाली


रेवदंडा
२६ जानेवारी २०२५

निकेत,

काल तुझा फोन आला तेव्हा मी काशीदला वाळूत उभी होते, वर्गातली दहा-बारा माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मला नीट बोलता आलं नाही. तू म्हणालास, "ताई, पत्रच लिही, तुझ्या फोनवर नुसता वारा ऐकू येतोय." वारा नव्हता तो.

तू सांगितलंस ते मी रात्रभर पुन्हा पुन्हा ऐकलं. शिवानीनं नाश्त्याच्या टेबलावर कागद ठेवला. तू हसत डावा डोळा झाकलास. ती म्हणाली, "किती ठिपके?" तू म्हणालास, "कसले ठिपके?" आणि तिचा चेहरा बघून तू हात काढलास.

गुवाहाटीला बघितलं ते बरं झालं. उजव्यात फार थोडं उरलंय आणि डाव्याला नुकतंच लागलंय, हे तू बाजारभाव सांगितल्यासारखं सांगितलंस. लहानपणापासूनचं आहे ते तुझं, घाबरलास की आवाज सपाट होतो. ऑपरेशन लगेच करू म्हणतात तर लगेच कर. डावा डोळा वाचवायचा आहे. दुसरा सल्ला, तिसरा सल्ला करत बसू नकोस.

तू विचारलंस, "मी अजून फोटो काढू शकेन ना?" मी "हो" म्हटलं आणि माणसांनी माझ्याकडं पाहिलं. आता सविस्तर सांगते. मी डाव्या डोळ्यानं बघायला शिकते आहे. पहिले दिवस फार विचित्र जातात, नाक मधे येतं, बोटं चुकतात. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही डोळ्यांनी बघते. फ्रेम थोडी सैल घेते, सगळीकडून हात-हात जागा जास्त, मग घरी येऊन कापते. आणि कडांची फेरी आता मान फिरवून मारते. गिऱ्हाइकांना वाटतं मॅडम फार बारकाईनं काम करतात. काढशील तू फोटो. पूर्वीसारखे नसतील. मलाही पूर्वीसारखे येत नाहीत आणि त्याचं मला वाईट वाटतं, ते लपवत नाही.

आणि तुझा शेवटचा प्रश्न राहिला. तू म्हणालास, "ताई, त्या दिवशी पडवीत तू खरंच तिथं होतीस?"

होते रे. बाबा तुला म्हणत होते, "निकू, ताईलाही घे." तू म्हणालास, "घेतलं, बाबा."

ताई


रेवदंडा
१६ मार्च २०२५

निकेत,

हे शिवानी तुला वाचून दाखवेल. तिनं कळवलं की दाब उतरला आहे आणि डावा डोळा सध्या तरी सुरक्षित आहे. डॉक्टर "सध्या तरी" म्हणतात, तेव्हा मला अजून धस्स होतं. रोज रात्री थेंब टाकताना, सकाळी उठून पहिल्यांदा कॅलेंडरकडं बघताना होतं. आता ते असंच चालणार, असं धरून चालले आहे. वजन उचलू नकोस, डोळा चोळू नकोस, आणि सुट्टी झाली की दोघं इकडं या.

आईला सांगितलं. तुझं ऑपरेशन झाल्यावर लपवणं शक्य नव्हतं. ती सुकट निवडत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे मिठानं न्हाय गेलं त्यांचं डोलं?"

"नाही, आई."

"तवा अवशद व्हतं?"

मला खोटं बोलता येईना. म्हटलं, "होतं."

ती सूप घेऊन आत गेली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "मी त्यांना रोज बोलायची, डोलं फुटलं काय तुमचं. तांब्या लवंडला का बोलायची." मग भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि म्हणाली, "अल्पेशला सांग रिक्षा काढाला. गावाला जायाचं."

गावाला म्हणजे बाबांच्या गावाला, वडखळकडं, जिथं ती बाबा गेल्यापासून एकदाही गेली नव्हती. वाटेत तिनं मला विचारून घेतलं, हा रोग बाबांच्या भावाला होतो का, त्याच्या पोरांना होतो का, पोरींना होतो का. मी हो म्हणत गेले आणि ती बोटं मोजत गेली. गावात शिरल्यावर घराघरात गेली. ठमीकाकू आली म्हणून लोक चहा ठेवायचे आणि ही चहाला हात न लावता म्हणायची, "डोला झाका. हिच्या नाकाकडं बगा." मला समोर बसवायची, आणि स्वतः त्यांच्या बाजूला उभी राहून बोटं हलवायची. डॉक्टरीणबाईंनी मला दाखवलेलं मी तिला एकदाच करून दाखवलं होतं. बायका हसल्या, पण आईचं तोंड बघून गप्प झाल्या. बहुतेकांना तिची बोटं दिसली. तरी सगळ्यांना अलिबागला जायला सांगितलं आहे. नस बघितल्याशिवाय खात्री नाही.

शेवटी धाकट्या काकांकडं गेलो. गणराज घरात होता. तुझ्याहून थोडा मोठा, आता बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवतो. दुपारी जेवून निघायचा होता. आईचं ऐकून हसायला लागला.

"मना काय झालं न्हाय, काकू. चालीस फुटी गारी चालवतो मी, रोज. डोलं नसतं तर जित्ता असतो काय?"

"बस खाली."

"अगो, उशीर व्हतोय..."

"तुजा काका पन ह्येच बोलायचा. बस."

तो बसला. उजवा डोळा उघडा ठेवून त्यानं डाव्यावर तळवा धरला आणि माझ्या नाकाकडं बघायला लागला. हसू अजून ओठांवर होतं. दाराशेजारी खिळ्याला त्याच्या ट्रेलरची चावी लटकत होती, लाल गोंड्याची. आईनं ती उचलली आणि त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून हात पुढं केला. चावी त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होती. मला दिसत होती, काकांना दिसत होती, ताट घेऊन आलेल्या त्याच्या बायकोला दिसत होती.

"काय दिसतं?" आईनं विचारलं.

"भित."

"आनी?"

"भितच हाय. दुसरं काय दिसाला पायजे?"

त्याची बायको ताट घेऊन होती तिथंच थांबली. ती थांबली त्यावरूनच गणराजला काहीतरी कळलं असावं. त्यानं तळवा काढला, हळूच मान डावीकडं वळवली आणि स्वतःच्या गाडीची चावी पाहिली. त्याच्या ओठांवरचं हसू तसंच राहून गेलं होतं, पण ते आता त्याचं नव्हतं. तेव्हा तू बोमडिलात त्या टेबलाशी कसा दिसला असशील, ते मला समजलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

आईनं चावी कमरेला खोचली. "जेवून घे," ती म्हणाली. "मंग आलिबागला जाव. गारी आज हतंच ऱ्हाईल."

तो लहान पोरासारखा ताटावर बसला. चार घास कसेबसे खाल्ले. हात धुऊन उठला तेव्हा अल्पेशनं रिक्षा अंगणात लावली होती, आणि ओट्यावरून उतरायला तीन पायऱ्या आहेत, बाजूला कठडा नाही. गणराज पहिल्या पायरीवर थबकला, आयुष्यभर उतरत आलेल्या पायरीवर. आई त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याचा हात धरला.

ताई